सतरा एक्के

१

यंत्राच्या खिडकीत २३२६००९ हा आकडा होता आणि यंत्राच्या पायाशी सर पडले होते. चष्मा कपाळावर सरकलेला, उजवा हात भिंतीतल्या कपाटाकडे लांबवलेला. संध्याकाळी त्यांचा मुलगा वर आला, नुसतं लोटलेलं दार त्याने ढकललं आणि जो ओरडला, तो ऐकून सरांची धाकटी बहीण खालून धावत आली.

इन्स्पेक्टर बाई पोचल्या तेव्हा डॉक्टर हात पुसत होते.

"हृदय," ते म्हणाले. "दुसरं काही शोधू नका. दुखणं जुनं होतं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मीच दिलेल्या."

"कुठे आहेत त्या?"

डॉक्टरांनी कपाटाच्या वरच्या फळीकडे हनुवटी केली. छोटी काचेची बाटली, अर्धी भरलेली. उभ्या माणसाचा हात सहज पोचेल, पडलेल्याचा नाही.

"पडल्या पडल्या गेले?"

"नाही. थोडा वेळ जीव होता. तेवढ्यात कोणी गोळी दिली असती तर…" डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांची बॅग भरून झाली होती.

बाईंच्या लेखी इथेच विषय संपायला हवा होता. म्हातारा माणूस, दुबळं हृदय, लोटलेलं दार. पण पोलिसांना फोन बहिणीने केला होता आणि ती दाराशी उभी होती. बारीक चणीची, पिकल्या केसांची, मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली. सगळे तिला ताईच म्हणत, म्हणून बाईही म्हणाल्या.

"ताई, तुमचा कोणावर संशय आहे का?"

"दादाला कोणी मारलं असं मी म्हणत नाही," ताई म्हणाल्या. आवाज खरखरीत झाला होता, पण शब्द जागच्या जागी होते. "पण दुपारी या यंत्राची घंटा वाजली. मी माझ्या कानांनी ऐकली. आणि घंटा वाजली की यंत्राचं हँडल अडकून बसतं. खिट्टी ओढल्याशिवाय ते तसूभर हलत नाही. आता जरा हात लावून बघा."

बाईंनी रुमालात बोट गुंडाळून पितळी हँडलला हलकाच धक्का दिला.

हँडल लोण्यातून फिरल्यासारखं हललं.

२

खोलीला कुलूप घालून सील लावण्यात आलं. खिडकीतला आकडा बाईंनी आणि ताईंनी पाहिला, तिसऱ्या कोणी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ताईंच्या स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसल्या. शाळेत गणितात त्या जेमतेम काठावर पास होत, तेही शिक्षिकेने डोळेझाक केली म्हणून. पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडायचा नाही, ही त्यांची खोड सगळ्या ठाण्याला ठाऊक होती.

"तुमचे दादा त्या यंत्रावर काय करायचे?"

"सतरा एक्के तपासायचे."

"पत्त्यांत तर चारच असतात."

ताईंना त्याही अवस्थेत हसू फुटलं. त्यांनी पाठकोरा कागद ओढला आणि लिहिलं: ११११११११११११११११.

थांबून त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक अंक मोजला, ओशाळल्या, आणि शेवटी आणखी एक १ जोडला. "हे असं होतं. ही एकच संख्या आहे. एकाशेजारी एक असे सतरा एक. किती गरीब दिसते बघा. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. विषम आहे हे उघड. अंकांची बेरीज सतरा, म्हणून तीनने भाग जात नाही. पाचने नाही, सातने नाही, अकराने नाही, तेराने नाही. आता हिला कशानेच भाग जात नसेल तर ही मूळ संख्या. कुठल्या एकाने जरी गेला, तर संयुक्त. अधलं मधलं काही नाही."

"मग भागून बघायचं. त्यात काय?"

"कशाकशाने बघाल? दहा कोटींच्याही पुढे जावं लागेल. पण एक सोय आहे. या संख्येला ज्याने ज्याने भाग जाईल, त्या प्रत्येक भाजकाला चौतीसने भागलं की बाकी एकच उरते. हे सिद्ध झालेलं आहे, माझ्या पदरचं नाही. म्हणून आधी पस्तीस, मग एकोणसत्तर, मग एकशेतीन, असे तेवढेच घ्यायचे, मधल्यांकडे बघायचंसुद्धा नाही. हँडलचा एक फेरा घेतला की खिडकीतला आकडा चौतीसने पुढे सरकतो आणि आतली चाकं त्याने सतरा एक्क्यांना भागतात. बाकी उरली तर काही होत नाही. नि:शेष भाग गेला, तर घंटा."

"म्हणजे काल दुपारी…"

"काल दुपारी दादाला भाजक सापडला. दोन वर्षं रोज हँडल फिरवून." ताईंनी चष्म्याची काच पुसली. "मला वाटलं घड्याळजी पुन्हा आलेत. तेल घालायला आले की ते घंटा वाजवून बघतात. बाहेरचा जिना रस्त्यावर उतरतो, तिकडून कोण आलं गेलं ते मला दिसत नाही. म्हणून मी वर गेले नाही."

बाईंनी तो कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "मग तो खिडकीतला आकडा भाजक असणार."

"तोच तर नाही. रात्रभर झोप कुठली? त्याने सतरा एक्क्यांना भागून बघितलं. बाकी उरते. या आकड्यावर घंटा वाजणं शक्य नाही. कोणीतरी खिट्टी ओढली, चाकं उचलून हाताने फिरवली आणि खरा आकडा पुसला. पण याहून वाईट गोष्ट पुढे आहे. तो आकडा तुम्ही चौतीसने भागा."

बाईंनी भागाकार मांडला. दोनदा चुकल्या, एकदा हातचा विसरल्या, शेवटी दातांत जीभ धरून तळाशी पोचल्या. बाकी एक.

"ज्याला यातलं काही कळत नाही त्याने चाकं वेडीवाकडी फिरवली असती," ताई म्हणाल्या, "तर असा आकडा लागायची शक्यता चौतीसातून एक. हा लागलेला नाही, लावलेला आहे. शिवाय वाढवून लावलाय. म्हणजे पुढे कोणी इथून फिरवायला बसलं, तर खरा भाजक मागे राहून जाईल. सगळ्यांना वाटेल, यंत्र तिथून गेलं आणि घंटा वाजली नाही."

"चौतीसची गोष्ट कोणाकोणाला माहीत होती?"

"दादाला. घड्याळजींना, कारण चौतीसचं चाक त्यांनीच कापलं. दादाचा विद्यार्थी, कॉलेजात आता विभागप्रमुख आहे, त्याला. आणि मला."

"सर गेले. उरले तीन."

"त्यात मला धरलंत ना?"

"धरलंय."

"मग बरोबर," असं म्हणून ताई चहाचं आधण ठेवायला उठल्या.

३

तरीही बाई आधी मुलाकडे गेल्या, कारण सगळी गल्ली त्याचंच नाव घेत होती. त्या दिवशी सकाळी बापलेकांचं कडाक्याचं वाजलं होतं. मुलाचा आवाज समोरच्या शिंप्याने ऐकला होता, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने ऐकला होता, आणि ज्यांनी ऐकला नव्हता तेही आता ऐकल्याचं सांगत होते.

मुलाचा लोखंडी फाटकं बनवायचा कारखाना होता. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. त्याने माणसाला हात करून काम थांबवलं आणि बाईंना एका उलट्या डब्यावर बसवलं.

"हो, भांडलो. म्हणालो, ते भंगार एकदाचं वितळवा आणि माझ्याकडे राहायला या. भंगारच म्हणालो. शेवटचं बोललो ते हे." त्याने हातमोजे काढून मांडीवर आपटले. "अहो, छातीत कळ येते आणि माणूस हँडल फिरवतो! मी सांगत होतो, गोळ्या खिशात ठेवा. तर म्हणे, फिरवताना बाटली छातीला टोचते. उचलून ठेवली फळीवर. त्यावरनंच तर भडकलो मी. दिवसभर चैन पडेना, म्हणून संध्याकाळी समजूत काढायला गेलो. तर…"

"यंत्राच्या खिडकीत काय आकडा होता?"

"आकडा?" त्याने बाईंकडे असं बघितलं, जणू त्यांनी सरांच्या बुटांचा नंबर विचारला. "बाबा जमिनीवर होते. आकडे कोण बघतो?"

"चौतीसचं काय गौडबंगाल आहे?"

"चौतीस? लग्नात माझी कंबर होती चौतीस. आता विचारू नका."

बाई उठल्या. दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. तोच प्रश्न दुसऱ्या अंगाने विचारायची त्यांची रीत होती. "यंत्राबद्दल कोणाशी बोललात का नंतर?"

"नाही. विभागप्रमुखांना फोन केला, ते बाबांचे लाडके होते म्हणून. बाबा गेले, एवढं सांगितलं. जास्त बोलवलंच नाही. ते लगेच आले, तोवर वर सील लागलं होतं. आत्याच्या गळ्यात पडून रडले हो, पोटच्या पोरासारखे. माझ्या डोळ्यांना पाणी नाही आणि ते रडताहेत."

४

विभागप्रमुखांच्या खोलीत फुलांचे गुच्छ होते आणि त्यांतले निम्मे सुकायला लागले होते. येत्या आठवड्यात त्यांना विज्ञान परिषदेचं सुवर्णपदक मिळायचं होतं. कशासाठी, ते बाईंना टेबलावरच्या निमंत्रणपत्रिकेवरून कळलं: सतरा एक्क्यांची संख्या मूळ आहे, याच्या सिद्धतेसाठी.

माणूस देखणा, बोलणं मृदू. डोळे सुजलेले.

"त्या घरात मी वाढलोय म्हणा ना. शिकवणीला यायचो तो जेवूनच जायचो. ताई मला अजून अरेतुरे करतात."

"आणि सर? तुमचं त्यांच्याशी बिनसलं होतं म्हणे."

"बिनसलं नाही हो. मतभेद म्हणा. मी सिद्धता दिली ती लांबलचक आहे, चाळीस पानांची. सरांना तिच्यातली एक पायरी पटत नव्हती. दाखव म्हणाले. मी दाखवली. तरी पटेना. मीही तेव्हा गरम डोक्याचा. बोलून गेलो, मग बसा तपासत एकेक भाजक घेऊन. मी गमतीने म्हणालो आणि ते खरंच बसले!" त्यांनी मान हलवली. "घड्याळजींना घेऊन यंत्र बनवलं. दोन वर्षं खांदे मोडून घेतले. मिळालं काय? तेवीस लाखांच्या पुढे गेले तरी एक भाजक हाती लागला नाही. मिळणारच नव्हता. असता तर मिळता. मला फार वाईट वाटतं, बाई. मी ते बोलायला नको होतं."

"शेवटचं कधी भेटलात?"

"तीनेक महिने झाले असतील. सत्काराचं कळल्यावर पाया पडायला गेलो होतो."

"फोनवर बोलणं?"

"नाही. सर जरा दुखावले होते. मीही कामात."

"दुसऱ्या कोणाकडून त्यांची खबरबात?"

"कोणाकडून नाही. ती टोचणी आहेच मनाला. परवा त्यांच्या मुलाचा फोन आला तेच पहिलं कानावर पडलं."

बाईंनी आभार मानले. जिना उतरताना त्यांना चपलेत खडा गेल्यासारखं वाटत राहिलं. काहीतरी टोचत होतं, आणि चप्पल झटकून बघितली तर आत काही नव्हतं.

५

घड्याळजींचं दुकान एवढं अरुंद होतं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला श्वास रोखावा लागे. भिंतीवर पंचवीस-तीस घड्याळं, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं.

"दुरुस्तीला आलेली आहेत," घड्याळजी म्हणाले. "बरोबर चालणारी लोक घरी ठेवतात."

त्या दुपारी ते दुकानातच होते. शेजारचा चष्मेवाला, समोरची फुलवाली, दोघांनी ते आधीच सांगितलं होतं. पण बाईंना त्यांच्याकडून वेगळंच हवं होतं.

"यंत्राला तेल कधी घातलंत?"

"सर गेले त्याच्या आदल्या दिवशी. दर पंधरवड्याला घालतो. तसं वेळापत्रक असं नाही, पण चाकं कुरकुरायच्या आत गेलेलं बरं."

"तेव्हा खिडकीत कोणता आकडा होता?"

"तो कसा लक्षात राहणार?" त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "पण वीस लाख सत्तर हजारांच्या जवळपास होता. वीस लाख ओलांडले त्या दिवशी सरांनी मला चहा पाजला होता, त्याला महिना झाला. तेव्हापासून मी येता जाता बघायचो, किती पुढे गेलेत ते. सत्तर हजार आता होतीलच, असं सर म्हणाले होते."

बाई जिथे उभ्या होत्या तिथेच स्टुलावर बसल्या. घड्याळजींना भिंतीला पाठ लावावी लागली.

"एका दिवसात तेवीस लाखांवर जाता येईल?"

"एका दिवसात? अहो बाई, तीन लाख पुढे जायचं तर नऊ हजारांच्या आसपास फेरे घ्यावे लागतील. सरांना तेवढ्याला चार-पाच महिने लागते."

आता तो खडा सापडला. सरांचं यंत्र तेवीस लाखांवर कधी पोचलंच नव्हतं. सरांकडून ज्याने ऐकलं असेल त्याने वीस लाख सांगितले असते. तीन महिन्यांपूर्वी ज्याने पाहिलं असेल त्याने त्याहूनही कमी. तेवीस लाख हा आकडा जगात एकाच जागी होता, त्या सीलबंद खोलीतल्या खिडकीत. तो बाईंना माहीत होता, ताईंना माहीत होता, आणि ज्याने लावला त्याला.

पण एवढ्यावर कोर्टात उभं राहायचं? समोरचा म्हणेल, बोलण्यात चूक झाली, मोघम आकडा सांगितला. आणि खरा भाजक कुठला, याचा तर कोणालाच पत्ता नव्हता. तो नाही तर घंटा वाजलीच नव्हती असंही उद्या कोणी म्हणेल. एका म्हाताऱ्या बहिणीच्या कानांवर कोण विश्वास ठेवतो?

"खरा आकडा गेला तो गेलाच," त्या पुटपुटल्या.

"गेला कसा?" घड्याळजी म्हणाले. "खिडकीतला गेला असेल. पण मी खाली एक गणक बसवलाय. फेरे मोजणारा. बैठकीच्या पोटात, फळी काढल्यावर दिसतो. किती फेरे झाले ते कळल्याशिवाय तेलाचा अंदाज कसा यायचा? सरांनासुद्धा त्याच्यात रस नव्हता. म्हणायचे, हे तुमचं खातं."

६

सील तोडलं तेव्हा खोलीत चौघं होती: बाई, ताई, घड्याळजी आणि पंचनाम्याला आणलेला शिंपी, ज्याला आपण कशाला साक्षीदार आहोत ते शेवटपर्यंत कळलं नाही. घड्याळजींनी गुडघे टेकून बैठकीचे स्क्रू काढले. फळी बाजूला झाली. आत पितळेची पाच छोटी चाकं होती.

साठ हजार नऊशे तेहतीस.

"खिडकीतल्या आकड्यापर्यंत जायचं तर अडुसष्ट हजारांहून जास्त फेरे हवेत," ताई म्हणाल्या. त्यांनी हे कागदावर मांडलंही नाही. "एवढे कमी. म्हणजे आकडा हाताने लावला हे नक्की झालं. आता हे फेरे चौतीसने गुणायचे आणि एक मिळवायचा."

तो गुणाकार त्यांनी बाईंना करू दिला. या खेपेला बाई चुकल्या नाहीत. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. २०७१७२३.

मग ताई सरांच्या टेबलाशी बसल्या. सतरा एक्के लिहिले, या वेळी न चुकता, आणि भागायला लागल्या. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. शिंपी दारातून वाकून बघत होता. एकेक अंक खाली उतरत गेला. बाकी लहान व्हायची, पुन्हा मोठी व्हायची. शेवटचा १ खाली घेतला तेव्हा ताईंचा हात थांबला. त्यांनी शेवटची वजाबाकी केली आणि खाली एक शून्य काढलं. त्याच्याभोवती गोल केला नाही, रेघ मारली नाही. पेन्सिल ठेवली.

"पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न," त्यांनी उत्तर वाचलं. "दोघांचा गुणाकार केला की सतरा एक्के. संयुक्त आहे."

मग पदराआड न जाता, तिथेच बसून, सगळ्यांसमोर त्या रडल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

बाईंनी मनातल्या मनात तिघांचा हिशेब पुरा केला. घड्याळजींनी आकडा बदलला असता तर गणकही बदलला असता. तो तिथे आहे हे फक्त त्यांना माहीत होतं. ताईंनी बदलला असता तर घंटेचं नावही काढलं नसतं. डॉक्टरांच्या एका शब्दावर सगळं मिटलं असतं. तिसरा उरला, तो गोड बोलणारा, सुजल्या डोळ्यांचा.

७

बाईंनी त्यांना त्याच खोलीत बोलावलं. ताई म्हणाल्या, मी थांबणार. बाई नाही म्हणाल्या नाहीत.

विभागप्रमुख आत आले, टेबलावरचा कागद त्यांना दिसला, आणि त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. गणितातला माणूस, भागाकार दिसला की वाचणारच. शून्यापाशी नजर थांबली.

"तुम्ही मला म्हणालात, सर तेवीस लाखांच्या पुढे गेले होते," बाई म्हणाल्या. "ते कोणी सांगितलं?"

"सरांनीच, कधीतरी…"

"सर तिथे पोचलेच नाहीत. यंत्राच्या पोटात फेऱ्यांचा गणक आहे."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग ताईंकडे. ताईंनी नजर वळवली नाही.

"बस," ताई म्हणाल्या. "आणि बोल."

ते खुर्चीवर बसले. मग जे बोलले ते एका दमात.

"सरांनी फोन केला. आवाजात एवढा आनंद… मला वाटलं नातू झाला. म्हणाले, अरे, घंटा वाजली! आधी तुला सांगतोय, दुसऱ्या कोणाला नाही. तू ये, आकडा बघ आणि तुझं तू मागे घे. माझं नाव कुठे नको. मी आलो. भागून बघितलं. माझ्या सिद्धतेत तीच पायरी चुकली होती, जी सर म्हणत होते. मी विनवलं, पदकाचा समारंभ होऊ दे, मग मी सांगतो. फक्त आठ दिवस. तर हसले. म्हणाले, आठ दिवसांत संख्या बदलणार आहे का? मी आवाज चढवला. त्यांनी छातीला हात लावला आणि खाली बसले. मग आडवे झाले."

"शुद्धीवर होते?"

"होते. हाताने काहीतरी दाखवत होते. मला वाटलं यंत्राकडे दाखवताहेत. आकडा, आकडा म्हणताहेत."

"यंत्र त्यांच्या डावीकडे होतं," बाई म्हणाल्या. "हात उजवीकडे होता. कपाटाकडे."

विभागप्रमुखांनी कपाटाकडे पाहिलं.

"तू या घरात लहानाचा मोठा झालास," ताई म्हणाल्या. "दादाच्या गोळ्या कुठे असतात, ते तुला माहीत होतं."

"हो," ते म्हणाले. अगदी हळू. "माहीत होतं. मी आधी यंत्राकडे वळलो. म्हटलं, एवढं करतो आणि मग देतो. चाकं लावून झाली आणि मागे बघितलं, तोवर…" त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे टाकले. "ताई, दोन मिनिटं लागली असतील फार तर."

"खाली मी होते," ताई म्हणाल्या. "नुसती हाक मारायची होती."

बाई त्यांना घेऊन खाली उतरल्या. मदत न करण्याचा गुन्हा कायद्यात नेमका कुठे बसतो, ते वकील बघणार होते. पुराव्यात फेरफार केल्याचा मात्र व्यवस्थित बसत होता. गाडीत बसताना विभागप्रमुखांनी एकच गोष्ट मागितली: परिषदेला पत्र लिहायला कागद. बाईंनी दिला. ठाण्यात पोचेपर्यंत त्यांनी ते लिहून पुरं केलं होतं, आणि त्यात सरांचं नाव पहिल्याच ओळीत होतं.

८

पुढे परिषदेने पदक कोणालाच दिलं नाही. ताईंनी तो भागाकार दादांच्या नावाने छापायला पाठवला. संपादकांचं उलट पत्र आलं, की दोन्ही अवयव मूळ आहेत का तेही तपासावं, म्हणजे वर्गीकरण पुरं होईल. ताईंनी उलट टपाली कळवलं: लहान्याला त्याहून लहान भाजक असता तर घंटा आधीच वाजली असती, म्हणून तो मूळ. मोठाही त्याच कारणाने मूळ.

बाई एकदा सहज त्या बाजूला गेल्या होत्या, म्हणून डोकावल्या. बाहेरच्या जिन्याने वर गेल्या तर दार सताड उघडं. घड्याळजी यंत्राचं पोट उघडून बसले होते आणि मुलगा त्यांना पाने काढून देत होता. कारखान्यातून तसाच आलेला. सदऱ्याला ठिणग्यांची भोकं.

"काय चाललंय?"

"चौतीसचं चाक काढतोय," घड्याळजी म्हणाले. "अडतीसचं बसवायचंय."

"आता एकोणीस एक्के," ताई म्हणाल्या. "त्याच्या भाजकांना अडतीसने भागलं की बाकी एक उरते."

"आणि घंटा वाजेल?"

"काय सांगावं? कदाचित वाजणारच नाही. शंभर कोटींच्या पुढे जायचं तर हे यंत्र पुरणार नाही आणि मीही पुरणार नाही. होईल तेवढं करायचं."

चाक बसलं. घड्याळजींनी तेल घातलं, खिडकीतली चाकं एकावर आणली, बैठकीतला गणक शून्यावर आणला आणि फळी लावली. ताईंनी बाह्या सावरल्या आणि हँडलला हात घातला.

"आत्या, सरक," मुलगा म्हणाला. "खांदा धरेल तुझा."

"तुला कळतं का काही त्यातलं?"

"फिरवायला काय कळायचंय? तू आकडे बघ."

ताई बाजूला झाल्या. त्याने हातातली पकड आधी टेबलावर नीट ठेवली, हात पँटला पुसले, हँडल धरलं आणि एक पूर्ण फेरा घेतला. आतली चाकं सरसरत फिरली, थांबली. खिडकीत ३९ आला. घंटा वाजली नाही.

त्याने क्षणभर वाट पाहिली, आणि दुसरा फेरा घेतला.